आरसायुक्त भिंतीतील कपाट

आरसायुक्त भिंतीतील कपाट म्हणजे खोलीतील ठराविक भिंतीच्या मापाने बांधलेले, जागेवर पक्के बसविलेले आणि दाराच्या बाहेरील किंवा आतील अंगास आरसा जडविलेले कपडे ठेवण्याचे कपाट होय. सुटे कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलविता येते. भिंतीतील कपाट मात्र त्या वास्तूचाच भाग होऊन बसते. कपड्यांची साठवण आणि शृंगारमेज ही दोन कामे एकाच जागेत सामावत असल्याने लहान शयनगृहांत त्याचा प्रसार विशेष झाला. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांतील सदनिकांत आज ते सर्रास आढळते. या लेखात प्रामुख्याने ८ ते १० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या शयनगृहातील अशा कपाटाचा विचार केला आहे.

नाव आणि व्युत्पत्ती

'कपाट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दार किंवा दाराची फळी असा आहे. मराठीतील 'कवाड' हा शब्द त्याच मूळापासून आला. पुढे दार असलेल्या साठवणीच्या सामानालाच मराठीत कपाट म्हणू लागले, म्हणजे भागाचे नाव संपूर्ण वस्तूला मिळाले. 'आलमारी' हा दुसरा प्रचलित शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून तो भारतातील अनेक भाषांत रुळला आहे. 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' यावरून आला; 'आदर्श' म्हणजे ज्यात पाहावयाचे ते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत लाकडी चौकट व दारे बसवून केलेल्या साठवणीच्या जागेस 'फडताळ' म्हणत. भिंतीतील कपाटाचा खरा देशी पूर्वज हाच. आता हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला असून सुतार, कंत्राटदार आणि घरमालक हे तिघेही 'वॉर्डरोब' हाच शब्द वापरतात.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील जुन्या घरांत कपड्यांसाठी स्वतंत्र मोठे सामान नसे. रोजचे कपडे खुंटाळ्यावर किंवा वलणीवर, ठेवणीतले पेटीत किंवा संदुकीत आणि किरकोळ वस्तू कोनाड्यात, अशी वाटणी असे. आरसाही लहान असे. स्त्रियांच्या 'फणेरपेटी'त झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा बसविलेला असे आणि खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेण यांसाठी खण असत. पेटी उघडली की आरसा समोर यावा आणि मिटली की तो सुरक्षित राहावा, ही त्यामागील योजना होती. कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस आरसा लावण्याची आजची पद्धत याच कल्पनेची मोठी आवृत्ती म्हणता येईल.

पूर्ण उंचीचा आरसा सामान्य घरांत येण्यासाठी काचेचे तंत्र बदलावे लागले. युरोपात सोळाव्या शतकापासून काचेच्या मागे कथील व पारा यांच्या मिश्रणाचा थर देऊन आरसे बनवीत. व्हेनिसजवळील मुरानो बेट त्यासाठी प्रसिद्ध होते. हे आरसे महाग असत आणि पाऱ्याच्या वाफांमुळे कारागिरांच्या जिवावर बेतत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने काचेवर चांदीचा पातळ थर रासायनिक क्रियेने चढविण्याची रीत शोधली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स व इंग्लंडमध्ये आरशाच्या दाराचे कपाट मध्यमवर्गीय शयनगृहात दिसू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील पिल्किंग्टन या कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तावदाने बनविण्याची पद्धत विकसित केली. ती १९५९ मध्ये जाहीर झाली आणि घासकाम न करता निर्दोष सपाट काच मिळू लागली. आजचे आरसे याच 'फ्लोट' काचेचे असतात.

भारतात गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटांचे उत्पादन सुरू केले. पुढे ही कपाटे इतकी घरोघर पोहोचली की कोणत्याही कारखान्याच्या लोखंडी कपाटाला 'गोदरेजचे कपाट' म्हणण्याचा प्रघात पडला. दाराच्या बाहेर लांबट आरसा असलेले पोलादी कपाट लग्नात मुलीला देण्याची रीतही महाराष्ट्रातील मध्यमवर्गात अनेक वर्षे होती. एक खोली हेच संपूर्ण घर असलेल्या कुटुंबात या कपाटाचा आरसा हा घरातील एकमेव मोठा आरसा असे.

मुंबईतील घरांची मापे लक्षात घेतली म्हणजे भिंतीतील कपाटाची निकड समजते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचे चटईक्षेत्र आधी २२५, मग २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट झाले. अशा घरात स्वतंत्र शयनगृह निघालेच तर त्यात पलंग, कपाट आणि शृंगारमेज या तिन्ही वस्तू सुट्या ठेवणे शक्य होत नाही.

सामग्रीतही बदल झाला. पूर्वी चांगले कपाट म्हणजे सागवानी कपाट. भारतातील प्लायवूड उद्योगाचा आरंभ चहाच्या खोक्यांपासून झाला होता. पुढे घन लाकूड महागले तसे प्लायवूड घरातील सामानात शिरले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वृक्षतोडीसंबंधी दिलेल्या आदेशानंतर ईशान्येकडील लाकूड उद्योगावर कडक निर्बंध आले आणि शेतात लावलेल्या पॉप्लर व निलगिरीच्या लाकडावर चालणारे हरियाणातील यमुनानगरसारखे केंद्र पुढे आले. आज शहरी घरांतील बहुतेक कपाटे प्लायवूड किंवा दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची असतात.

मापे आणि मांडणी

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरात एकच राहण्याची खोली असल्यास तिचे क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर व रुंदी किमान २.४ मीटर असावी लागते. दोन खोल्या असल्यास दुसरी किमान ७.५ चौरस मीटर व २.१ मीटर रुंद असावी लागते. खोलीची उंची किमान २.७५ मीटर सांगितली आहे. लहान शयनगृह म्हणजे व्यवहारात या किमान मापांच्या आसपासची खोली.

हँगरला अडकविलेला सदरा किंवा कोट आडवा राहण्यासाठी कपाटाची खोली साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट लागते. दारे सरकती असल्यास दोन रुळांसाठी आणखी ५० ते ७५ मिलिमीटर द्यावे लागतात. ही दोन फुटे लहान खोलीत जड जातात. २.७ मीटर × ३.० मीटर मापाच्या खोलीत २.७ मीटरच्या संपूर्ण भिंतीवर कपाट घेतल्यास १.६२ चौरस मीटर जमीन व्यापली जाते, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा. बाकी राहिलेली जागा २.७ × २.४ मीटर. तीत १.९ मीटर लांब व १.५ मीटर रुंद पलंग कपाटाला समांतर, समोरच्या भिंतीला टेकवून ठेवला तर कपाट व पलंग यांच्यामध्ये ०.९ मीटरची वाट उरते. ०.४५ मीटर रुंदीचे दार पूर्ण उघडले तरी माणसाला उभे राहण्यास ०.४५ मीटर मिळते. दार ०.६ मीटर रुंद केले की ही जागा ०.३ मीटरवर येते आणि कपाट उघडण्यासाठी पलंगावर बसावे लागते. लहान खोलीत रुंद दारे डौलदार दिसत असली तरी अरुंद दारांची संख्या वाढविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कपाट कोणत्या भिंतीवर घ्यावे, हा निर्णय त्याच्या लाकडापेक्षाही महत्त्वाचा आहे. २.१ मीटर रुंद व सुमारे ३.६ मीटर लांब खोलीत लांब भिंतीवर कपाट घेतले तर रुंदी १.५ मीटर उरते. म्हणजे दुहेरी पलंग बसतो, पण वाट राहत नाही. तेच कपाट आखूड भिंतीवर घेतले तर सुमारे ३ मीटर लांबी शिल्लक राहते आणि पलंग आडवा टाकूनही समोर दीड मीटरच्या आसपास मोकळी जागा मिळते. लांब भिंतीवरच कपाट घेणे भाग असेल, तर ४५० मिलिमीटर खोलीचे कपाट करून त्यात कपडे समोरासमोर टांगता येतील अशी पुढे ओढण्याची दांडी बसवितात.

उंचीचा फायदा मात्र निर्विवाद आहे. बाजारातील पोलादी कपाट साधारण १.९८ मीटर (साडेसहा फूट) उंच असते. २.७५ मीटर उंचीच्या खोलीत त्याच्यावरची पाऊण मीटरहून अधिक जागा धूळ व जुन्या बॅगा साठण्यास मोकळी राहते. भिंतीतील कपाट छतापर्यंत जाते. २.१ मीटरच्या वरच्या भागास 'लॉफ्ट' म्हणतात आणि त्यात गाद्या, रजया, प्रवासाच्या बॅगा अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू ठेवतात.

लॉफ्टच्या बाबतीत एक धोका आराखडा करताना हमखास विसरला जातो. तो छताच्या पंख्याचा. वरील उदाहरणातील खोलीत पंखा मध्यभागी असल्यास त्याच्या केंद्रापासून कपाटाच्या भिंतीचे अंतर १.५ मीटर, आणि कपाटाच्या दर्शनी भागाचे ०.९ मीटर होते. नेहमीच्या १२०० मिलिमीटर पंख्याचे पाते केंद्रापासून ०.६ मीटर पोहोचते. म्हणजे पाते व कपाट यांत फक्त ०.३ मीटर अंतर राहते आणि लॉफ्टचे ०.४५ मीटरचे दार पंखा चालू असताना उघडले तर ते पात्यावर आदळू शकते. स्टुलावर चढून दार उघडणाऱ्या माणसाचा हातही त्याच उंचीवर असतो. पंख्याचा आकडा उरलेल्या मोकळ्या जागेच्या मध्यावर सरकविणे, ९०० मिलिमीटरचा पंखा लावणे किंवा लॉफ्टला सरकती दारे देणे, हे यावरील उपाय आहेत. लॉफ्टच्या दारांवर आरसा कधीही लावू नये. तेथे तो पाहण्याच्या उपयोगाचा नसतो आणि फुटला तर डोक्यावर पडतो.

आरशाचे गणित

पूर्ण देह दिसण्यासाठी देहाएवढा उंच आरसा लागतो, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. सपाट आरशात प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर दिसते आणि किरणाचा आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात. त्यामुळे पाहणाऱ्याच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. त्याची वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या बरोबर मध्यावर, तर खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर असावी लागते. आणखी मागे सरकल्याने जास्त दिसेल, हाही गैरसमजच. अंतर कितीही असले तरी आरशाची आवश्यक उंची बदलत नाही. शालेय भौतिकशास्त्रात आकृती काढून सिद्ध केलेला हा नियम कपाटाचा आराखडा करताना क्वचितच कोणी वापरतो.

१६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून १५४ सेंटिमीटरवर आहेत असे धरल्यास तिला सुमारे ७७ ते १६० सेंटिमीटर या पट्ट्यातील आरसा पुरतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या, १३९ सेंटिमीटरवर डोळे असलेल्या व्यक्तीसाठी हा पट्टा सुमारे ७० ते १४५ सेंटिमीटर येतो. दोघांसाठी मिळून ७० ते १६० सेंटिमीटर, म्हणजे केवळ ९० सेंटिमीटर उंच आरसा पुरे. ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचाही विचार केला तर खालची कड ५० सेंटिमीटरपर्यंत आणावी लागते. त्याखालील आरसा स्वतःला पाहण्यासाठी निरुपयोगी असून लादी पुसण्याचे पाणी, पायाची ठोकर आणि खेळण्यांचा मारा नेमका तेथेच बसतो.

जमिनीपासून छतापर्यंत आरसा लावण्यामागे पाहण्याहून वेगळे कारण असते, ते म्हणजे खोली मोठी भासणे. कपाटापुढे २.४ मीटर जागा असेल तर आरशातील प्रतिमेमुळे नजरेला ४.८ मीटर खोली जाणवते. खिडकीचा उजेडही परत खोलीत फेकला जातो. हा आभास खरा उपयोगी आहे, विशेषतः एकच खिडकी असलेल्या आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असलेल्या खोलीत. मात्र आरसा निवड करीत नाही. पलंगावरचा पसारा, दोरीवरचे ओले कपडे आणि उघडी मोरीही तो तितक्याच निष्ठेने दुप्पट करतो.

खिडकीच्या अगदी समोर आरसा ठेवल्यास खोली उजळते, पण आरशापुढे उभ्या राहणाऱ्याच्या पाठीशी उजेड येऊन चेहरा काळोखात जातो. खिडकी एका बाजूस येईल अशा काटकोनातील भिंतीवरचा आरसा वेशभूषेसाठी अधिक सोयीचा. कृत्रिम दिव्याबाबतही प्रकाश आरशावर न पडता पाहणाऱ्यावर पडला पाहिजे. कपाटाच्या वर लावलेला, आरशाकडे रोखलेला दिवा केवळ डोळे दिपवितो.

पलंगासमोर आरसा असू नये, असा वास्तुशास्त्र व फेंगशुई मानणाऱ्यांचा आग्रह असतो. त्या श्रद्धेस शास्त्रीय आधार नाही. तथापि रात्री अर्धवट जाग आली असता समोर हलणारी आकृती दिसून दचकायला होते, ही अडचण श्रद्धेवर अवलंबून नाही. दोन्ही पक्षांना मान्य होणारा तोडगा म्हणजे दाराच्या आतील बाजूस आरसा लावणे. त्यात खोली मोठी भासण्याचा लाभ तेवढा गमवावा लागतो.

बांधणी

कपाटाचा सांगाडा बहुधा १८ मिलिमीटर प्लायवूडचा आणि पाठफळी ६ ते ८ मिलिमीटरची असते. प्लायवूडचा ताव ८ × ४ फूट (२४४० × १२२० मिलिमीटर) या मापात येत असल्याने कपाटाची मापे त्यात बसविली तर कमी तुकडे वाया जातात. ६०० मिलिमीटर खोलीचे दोन पट्टे एका तावाच्या रुंदीतून निघतात. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि सागरी प्लायवूडसाठी आयएस ७१० ही भारतीय मानके आहेत. आयएस ३०३ मध्ये केवळ दमटपणा सोसणारी व उकळत्या पाण्यातही टिकाव धरणारी अशा प्रती असून, बाजारात दोन्ही एकाच नावाने खपविल्या जात असल्याने तावावरचा शिक्का पाहून घेणे आवश्यक असते. भुशाची फळी व एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतात, पण पाणी लागले की फुगतात आणि स्क्रूची पकड सोडतात. या साऱ्या फळ्यांतील गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडतो. नव्या कपाटाचा उग्र दर्प त्याचाच असतो. लहान, बंद खोलीत तो अधिक साचतो, म्हणून कपाट तयार झाल्यावर काही दिवस दारे व खिडक्या उघड्या ठेवणे हितावह आहे.

मुंबईतील सुतार मापे अजूनही फूट, इंच आणि सूत यांत घेतात. एका इंचाचे आठ सूत होतात. गुण्या आणि ओळंबा लावून पाहिल्यास बहुतेक जुन्या भिंती काटकोनात नसतात, असे आढळते. वर आणि खाली रुंदी मोजली तर दोन-चार सुतांचा फरक निघतो. म्हणून रुंदी किमान तीन उंचीवर मोजून सर्वांत कमी माप सांगाड्यासाठी धरतात आणि उरलेली फट पट्टीने झाकतात. कारखान्यात कापून आणलेल्या कपाटाची कडा सफाईदार असते. जागेवर काम करणारा सुतार मात्र वाकड्या भिंतीशी जुळवून घेण्यात सरस ठरतो.

आरसा साधारण ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीचा घेतात. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीस चौरस मीटरमागे २.५ किलो असते. १.८ × ०.४५ मीटर मापाचा ४ मिलिमीटर आरसा सुमारे ८ किलो भरतो. प्लायवूडचे दार स्वतः ११ किलोच्या आसपास असल्याने बिजागऱ्यांवर एकोणीस किलोंचा भार येतो. २.१ × १.२ मीटरच्या सरकत्या दारावर ५ मिलिमीटरचा पूर्ण आरसा लावला तर एकट्या काचेचे वजन ३१ किलोंच्या वर जाते. बिजागऱ्यांची संख्या किंवा रुळाची क्षमता आरशासह वजन धरून ठरविली नाही, तर दार काही महिन्यांत खाली बसते आणि जमिनीला घासू लागते. दाराच्या एकाच अंगास लॅमिनेट (बोलीभाषेत 'सनमायका') चिकटविल्यास दार बाक धरते. आरसा लावायचा असला तरी दाराच्या दोन्ही अंगांना लॅमिनेट देऊन मग त्यावर आरसा बसवावा लागतो.

आरसा चिकटविण्यासाठी वापरायच्या पदार्थाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. खिडक्यांसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. हे आम्ल आरशामागील रंगाचा थर भेदून चांदीपर्यंत पोहोचते आणि आरशावर मागून काळे डाग उमटतात. आरशासाठी आम्ल न सोडणारे, 'न्यूट्रल' म्हणून विकले जाणारे सिलिकॉनच वापरावे लागते. केवळ चिकटद्रव्यावर विसंबून न राहता कडेने पट्टी किंवा खालून आधार देणे इष्ट.

सुरक्षितता

साधी काच फुटल्यावर तिचे लांब, धारदार तुकडे होतात. कपाटाचे दार दिवसातून अनेकदा उघडमीट होते आणि लहान खोलीत माणसे, मुले व पलंग त्याच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे आरशाच्या मागे तुकडे धरून ठेवणारे सुरक्षा-आवरण चिकटविणे हा अनावश्यक खर्च मानता येत नाही. आरसा फुटला तरी तुकडे आवरणाला चिकटून राहतात. कडा घासून बोथट केलेल्या असाव्यात. कडक केलेल्या काचेचा आरसाही मिळतो. मात्र ती काच कडक केल्यानंतर कापता किंवा भोकता येत नाही, म्हणून मुठीसाठीची भोके आधीच मापून द्यावी लागतात. आरशाच्या दाराला कमी दिसणाऱ्या वृद्धांनी वाट समजून धडकू नये यासाठी दाराला लाकडी किंवा ॲल्युमिनियमची ठळक चौकट ठेवणे उपयुक्त ठरते.

भिंतीत खाच करून कपाट आत घेण्याची कल्पना फडताळाच्या काळी सुरक्षित होती, कारण वाड्याच्या भिंती दोन-तीन फूट जाड असत. आजच्या सदनिकांतील आतील विटांची भिंत बहुधा ११५ मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यात खाच करण्यास जागाच नसते. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत तर भिंतीच भार पेलतात. खांब, तुळई किंवा अशी भिंत फोडणे हा संपूर्ण इमारतीच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. त्यामुळे आजचे 'भिंतीतील' कपाट वस्तुतः भिंतीपुढील कपाट असते.

इमारत बांधतानाच कपाटासाठी कोनाडा ठेवण्याची पद्धतही होती. मुंबईत असे कोनाडे आणि फुलझाडांची जागा चटईक्षेत्र निर्देशांकातून वगळली जात असे. या सवलतीचा आधार घेऊन प्रत्यक्षात खोल्याच वाढविल्या जात. जानेवारी २०१२ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत बदल होऊन ही क्षेत्रे निर्देशांकात मोजली जाऊ लागली आणि त्याच्या भरपाईदाखल निवासी इमारतींना ३५ टक्के अधिक निर्देशांक अधिमूल्य भरून उपलब्ध झाला.

पावसाळा व निगा

मुंबई आणि कोकणात कपाटाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात होते. बाहेरील भिंतीतून ओल झिरपते आणि तिला टेकलेल्या पाठफळीवर बुरशी धरते. तेथून ती कपड्यांवर, विशेषतः चामड्याच्या पट्ट्यांवर व ठेवणीतल्या साड्यांवर उतरते. शक्य असल्यास कपाट आतील भिंतीवर घ्यावे, आणि न्हाणीघराच्या भिंतीस टेकवू नये. दुसरा मार्ग नसल्यास आधी भिंतीची गळती बंद करून, पाठफळी व भिंत यांत २० ते २५ मिलिमीटर फट ठेवून वर व खाली हवेला वाट देतात. कपाट खाली १०० मिलिमीटर उंचीच्या बैठकीवर उभे केल्यास लादीचे पाणी फळीला लागत नाही आणि वाळवीचा मागही लवकर दिसतो.

पैठणीसारखी जरीची वजनदार साडी हँगरवर दीर्घकाळ टांगल्यास तिच्या घडीवर ताण येतो. ती सुती कापडात गुंडाळून सपाट कप्प्यात ठेवणे आणि अधूनमधून घडी बदलणे ही जुनी रीत आजही ग्राह्य आहे. अशा घड्यांसाठी साठ सेंटिमीटर खोल कप्पा गैरसोयीचा असतो, कारण मागची रास दृष्टीआड जाते. पुढे ओढता येणारे खण यासाठी बरे. कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापूर व डांबराच्या गोळ्या कीड दूर ठेवण्यासाठी वापरतात. डांबराच्या गोळ्या कपड्यांना थेट लागू देऊ नयेत आणि लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत.

आरसा पुसताना त्यावर थेट पाणी फवारू नये. ओघळ खालच्या कडेस साचतो, मागे शिरतो आणि कडेपासून काळी किनार वाढत जाते. एकदा काळवंडलेली चांदी पुसून उजळत नाही. आरसा बदलावाच लागतो. फडके ओलसर करून पुसणे आणि कडा लगेच कोरड्या करणे पुरेसे असते.

भाड्याचे घर आणि खर्च

भिंतीतील कपाटाचा मोठा दोष म्हणजे ते घराबरोबर राहते. महाराष्ट्रात भाड्याच्या सदनिका बहुधा ११ महिन्यांच्या अनुज्ञप्ती करारावर दिल्या जातात. इतक्या अल्प मुदतीसाठी भाडेकरूने स्वतःच्या पैशाने भिंतीस पक्के कपाट करून घेणे आतबट्ट्याचे ठरते, कारण उखडलेले कपाट दुसऱ्या खोलीच्या मापात बसत नाही आणि भिंतीची दुरुस्ती गळ्यात पडते. मालकाच्या संमतीने केलेच, तर घर सोडताना ते कोणाचे राहील हे करारात लिहून ठेवावे लागते. अशा कुटुंबांना आरशाच्या दाराचे सुटे पोलादी कपाट अद्याप सोयीचे वाटते. सदनिका विकताना मात्र चांगल्या स्थितीतील भिंतीतील कपाट खरेदीदारास आकर्षित करते. त्याचा उल्लेख विक्रीकरारातील वस्तूंच्या यादीत स्वतंत्रपणे करण्याची पद्धत आहे.

सुतारकामाचा दर साधारणपणे कपाटाच्या दर्शनी भागाच्या चौरस फुटांवर ठरतो. आतील खण, दांड्या, बिजागऱ्या, कुलपे आणि आरसा त्यात धरले आहेत किंवा नाहीत, हे आधी न ठरल्यास शेवटच्या हिशोबात वाद होतात. २.७ मीटर × २.७५ मीटर मापाच्या दर्शनी भागाचे क्षेत्र सुमारे ८० चौरस फूट भरते. यांपैकी पाहण्यासाठी खरोखर लागणारा आरसा ४५ सेंटिमीटर रुंद व ११० सेंटिमीटर उंच धरला तर त्याचे क्षेत्र साडेपाच चौरस फुटांहून कमी असते.